दामोदर खोरे योजना, तज्ज्ञ समित्या आणि आपण

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याचे स्मरण करताना आपल्या डोळ्यांसमोर महाडचे चवदार तळे येते, पुणे करार येतो, भारताची राज्यघटना येते आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा येते. ते स्वाभाविकच आहे. परंतु १९४२ ते १९४६ या चार वर्षांत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी पाणी आणि वीज या दोन विषयांत जे काम केले, त्याची चर्चा आपल्या सभांतून फारशी होत नाही. त्या काळी पाटबंधारे, वीज आणि सार्वजनिक बांधकाम हे विषय मजूर खात्याकडेच होते. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना मिळावे म्हणून झगडलेला नेता पुढे देशातील नद्यांच्या पाण्याचा विचार करीत होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असली पाहिजे.

या लेखात आम्ही त्या कामाच्या एकाच अंगाचा विचार करणार आहोत. देशाची योजना ठरविताना आणि एखाद्या प्रदेशात धरण, रस्ता किंवा वीजकेंद्र उभारताना सरकार तज्ज्ञांची समिती नेमते. ही समिती नेमके काय करते? तिच्या सल्ल्याचे पुढे काय होते? आणि ज्याची जमीन जाते, ज्याच्या वस्तीपर्यंत नळ पोचतो किंवा पोचत नाही, त्या माणसाचा त्यात कोठे संबंध येतो?

समिती म्हणजे काय?

सरकार चालविणारे लोक सर्व शास्त्रांत पारंगत नसतात. नदीला किती पूर येईल, धरणाचा पाया कोणत्या खडकावर घालावा, वीज किती दराने पडेल, हे ज्याने त्या विषयाचा अभ्यास केला आहे त्यालाच विचारावे लागते. म्हणून समिती नेमतात. तिला काही प्रश्न नेमून दिले जातात. त्यांना विचारार्थ विषय किंवा कार्यकक्षा म्हणतात. समिती माहिती गोळा करते, ठिकाणे पाहते, साक्षी घेते आणि अहवाल सादर करते. तिचे काम येथे संपते. अहवाल स्वीकारायचा की नाही, हे सरकार ठरवते.

यावरून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. समितीवर कोण नेमले गेले, तिला कोणता प्रश्न विचारला गेला, आणि तिच्या सल्ल्याचा कोणता भाग अमलात आला. यातील दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, असे आमचे मत आहे. प्रश्नच अपुरा असेल तर मोठ्यातल्या मोठ्या तज्ज्ञाचे उत्तरही अपुरेच येते. दामोदर खोऱ्याची हकीकत हेच सांगते.

१९४३ चा पूर

दामोदर नदी छोटा नागपूरच्या पठारावर, आजच्या झारखंड राज्यात उगम पावते. बराकर नदीला पोटात घेऊन ती बंगालच्या सपाट प्रदेशात उतरते. पठारावर जोराचा पाऊस झाला की खाली हाहाकार होई. म्हणून तिला बंगालचा शोक असे नाव पडले होते. पुरावर उपाय म्हणून काठाने मातीचे बांध घालण्याची जुनी पद्धत होती.

जुलै १९४३ मध्ये बर्दवानजवळ हा बांध फुटला. गावे बुडालीच, शिवाय रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोडही तुटला आणि कलकत्त्याचा उत्तरेशी संपर्क खंडित झाला. महायुद्ध चालू होते, जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपल्या होत्या आणि त्याच वर्षी बंगालात भीषण दुष्काळ पडला होता. त्यामुळे सरकार हादरले. बंगाल सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. प्रख्यात पदार्थवैज्ञानिक मेघनाद साहा हे त्या समितीचे एक सदस्य होते. नद्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा आग्रह ते अनेक वर्षे धरीत आले होते. अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी जसे एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, तसे दामोदरसाठी स्थापन करावे, अशी सूचना या समितीने केली.

टेनेसीचे वैशिष्ट्य असे की, ती नदी अनेक राज्यांतून वाहते. परंतु योजना आखताना राज्यांच्या सीमा न पाहता संपूर्ण खोरे हा एक घटक मानला गेला. पूर थोपविणे, वीज, नौकानयन, जमिनीची धूप थांबविणे ही सारी कामे एकाच संस्थेकडे दिली गेली.

बाबासाहेबांनी प्रश्न बदलला

हा विषय केंद्रात मजूर खात्याकडे आला. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी केंद्र सरकारने ज्या धोरणसमित्या नेमल्या होत्या, त्यांपैकी पाटबंधारे व वीज या विषयाच्या समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी या समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी विजेचा प्रश्न केवळ यंत्रांचा म्हणून मांडला नाही. वीज सरकारच्या मालकीची असावी की खाजगी, ती केंद्राकडे असावी की प्रांतांकडे, ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल, असे प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवले. शेतीवरचा भार कमी करायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत, आणि उद्योगधंद्यांना स्वस्त वीज पाहिजे. त्याशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. अर्थशास्त्राचा हा अभ्यासक तज्ज्ञांना सांगत होता की तुमची गणिते शेवटी गरिबाच्या घरापर्यंत पोचली पाहिजेत.

सल्ला देणाऱ्या कायमच्या यंत्रणाही याच काळात उभ्या राहिल्या. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, अ. ना. खोसला हे त्याचे अध्यक्ष झाले. आजचा केंद्रीय जल आयोग हा याच संस्थेचा वारस होय. त्यापूर्वी, १९४४ मध्ये, टेनेसी प्राधिकरणातील अभियंता वूरडुइन यांना भारतात बोलावण्यात आले होते. त्यांनी दामोदर खोऱ्याची पाहणी करून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राथमिक आराखडा सादर केला. १० लाख क्युसेक इतका मोठा पूर आला तरी खाली अडीच लाख क्युसेकच पाणी सोडावे लागेल, अशा हिशेबाने त्यांनी आठ धरणे सुचविली आणि खर्चाचा अंदाज ५५ कोटी रुपये दिला. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी.

३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. परिषदेपुढे बाबासाहेबांनी भूमिका मांडली ती अशी की, ही योजना केवळ पूर थोपविण्याची असू नये. पाटबंधारे, वीज आणि जलवाहतूक हीही तिची अंगे असावीत, म्हणजेच ती बहुउद्देशी असावी. अडचण ही होती की, धरणे बिहारात होणार, जमीन बिहारची बुडणार आणि पुरापासून बचाव बंगालचा होणार. केवळ पूरनियंत्रणाची योजना बिहारने कशासाठी मान्य करावी? परंतु वीज आणि पाणी दोघांनाही मिळणार असेल तर दोघांनाही सहकार्य करण्यात अर्थ होता. बहुउद्देशी हा शब्द येथे न्यायाचा शब्द झाला होता, हे आम्हांला विशेष वाटते.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद झाली. १९२८ च्या पूरसमितीसारख्या जुन्या समित्यांनी पाण्याकडे संकट म्हणून पाहिले होते; ते लवकरात लवकर समुद्रात कसे घालवावे, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. बाबासाहेबांनी या दृष्टीलाच हरकत घेतली. जास्त पाण्याने माणसाचे नुकसान होते, त्यापेक्षा पाण्याच्या अभावाने अधिक होते. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवून वापरली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. धरणे बांधून पाणी साठवावे, असा सल्ला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीही ओरिसाला १९३० च्या दशकात दिला होता. पुढे महानदीवर हिराकूड धरण झाले. जानेवारी १९५७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

येथे विद्यार्थी मित्रांनी थोडे थांबावे. बाबासाहेब अभियंते नव्हते. धरणाची उंची त्यांनी ठरविली नाही, ते काम खोसला आणि वूरडुइन यांचे होते. परंतु पाणी घालवायचे कसे, हा प्रश्न बदलून पाणी वापरायचे कसे आणि कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी तज्ज्ञांना घातला. प्रश्न बदलला तेव्हा आराखडाही बदलला.

कागदावर आठ, जमिनीवर चार

१९४६ मध्ये बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला आणि ७ जुलै १९४८ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल ही तीन सरकारे त्यात भागीदार झाली. तिलैया धरण १९५३ मध्ये, कोनार १९५५ मध्ये, मैथन १९५७ मध्ये आणि पंचेत १९५९ मध्ये पूर्ण झाले. १९५५ मध्ये दुर्गापूरचा बंधाराही झाला. या खोऱ्यात कोळसा होताच. त्याला वीज आणि पाणी मिळाल्याने कारखानदारी वाढली. हे यश नाकारता येणार नाही.

तथापि तज्ज्ञांनी आठ धरणे सांगितली होती आणि पहिल्या टप्प्यात चारच झाली. उरलेली मूळ आराखड्याप्रमाणे कधी झालीच नाहीत. मैथन व पंचेत येथे जलाशय पूर्ण भरण्यासाठी लागणारी सर्व जमीनही संपादन झाली नाही. परिणामी पूर साठविण्याची जी क्षमता कागदावर होती, ती प्रत्यक्षात आली नाही, आणि जी आली तीही गाळाने कमी होत गेली. १९७८ मध्ये दामोदरला पुन्हा भयंकर पूर आला. बंधारा आणि कालवे १९६४ मध्येच पश्चिम बंगाल सरकारकडे गेले होते. म्हणजे एका खोऱ्याला एक संस्था हा जो मूळ गाभा होता, तोही पातळ झाला. आजही पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की महामंडळ आणि राज्य यांच्यात वाद उद्भवतात. अर्धा सल्ला अमलात आणून संपूर्ण फळाची अपेक्षा धरली, तर असेच होते.

दुसरी गोष्ट वेगळे मत असलेल्या तज्ज्ञाची. बंगालमधील अभियंता कपिल भट्टाचार्य यांनी या योजनेला विरोध केला होता. दामोदरच्या पुराचे पाणी हुगळीतील गाळ धुऊन नेते. ते पाणी अडविले तर हुगळी उथळ होईल आणि कलकत्ता बंदर धोक्यात येईल, असा इशारा त्यांनी दिला. तेव्हा त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे कलकत्ता बंदर गाळाच्या प्रश्नाने बेजार झाले, हे सर्वश्रुत आहे. त्याला इतरही कारणे होती. परंतु विरोधी मत नोंदवून घेऊन त्याला उत्तर देणे हे सल्लागार यंत्रणेचे कर्तव्य होय. राष्ट्रीय नियोजनात याचे एक चांगले उदाहरण आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, १९५५ मध्ये, अर्थशास्त्रज्ञांचे मंडळ नेमले होते. त्यातील प्रा. बी. आर. शेणॉय यांनी बहुमताशी असहमत होऊन भिन्नमतपत्रिका लिहिली आणि ती नोंदली गेली. त्यांचे म्हणणे पटो वा न पटो, ते आज वाचता येते, तपासता येते. कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. तज्ज्ञांच्या अहवालालाही ही कसोटी लागू पडते.

ज्यांची गावे बुडाली

या चार धरणांमुळे ९० हजारांहून अधिक लोक विस्थापित झाले. त्यांत संथाळ आणि इतर आदिवासी मोठ्या संख्येने होते. जमिनीला जमीन आणि घराला घर असे महामंडळाचे तत्त्व होते. त्या काळाच्या मानाने ते निश्चितच पुढारलेले होते. परंतु प्रत्यक्षात पुष्कळांच्या हाती रोख रक्कम पडली, आणि पैसा हाताळण्याची सवय नसलेल्या कुटुंबात ती किती दिवस टिकणार? मिळालेली जमीनही अनेक ठिकाणी गेलेल्या जमिनीच्या तोलाची नव्हती. वीज गेली कारखान्यांना आणि शहरांना. धरणाच्या कुशीतली गावे दीर्घकाळ अंधारात राहिली.

महामंडळाच्या कायद्यात सल्लागार समित्या नेमण्याची तरतूद होती, आणि स्थानिक भागाची परिस्थिती व गरजा लक्षात घेतल्या जाव्यात, हाही तिचा हेतू सांगितला होता. पण ती ‘नेमता येतील’ अशी होती, ‘नेमाव्याच लागतील’ अशी नव्हती. कायद्यातील क्रियापद वाचण्याची सवय बाबासाहेबांच्या अनुयायांना असलीच पाहिजे.

महाराष्ट्रातील अनुभव

आपल्या राज्यात कोयना, जायकवाडी, उजनी अशा धरणांनी हजारो कुटुंबे उठविली. धरणग्रस्तांनी दीर्घ लढे दिले, आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा केला. ते केवळ तज्ज्ञांच्या सल्ल्याने झाले नाही, रस्त्यावरच्या माणसांमुळे झाले.

याच राज्यात तज्ज्ञ समितीचे दुसरे एक उदाहरण आहे. विकासाचा समतोल का बिघडला, हे पाहण्यासाठी १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढून, तिच्याहून जो जिल्हा जितका मागे तितका त्याचा अनुशेष, अशी पद्धत समितीने वापरली. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास आणि मराठवाड्याचा २३ टक्क्यांच्या आसपास होता. आम्ही मागासलेले आहोत, अशी जी केवळ तक्रार होती, तिला या समितीने आकडा दिला. आकडा मिळाला म्हणून मागणी करता आली. पुढे १९९४ मध्ये घटनेच्या ३७१ (२) कलमानुसार वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

मात्र जिल्ह्याच्या सरासरीला एक मर्यादा आहे. जिल्ह्यात अमुक किलोमीटर रस्ता झाला, हे ती सांगते. तो गावठाणापाशी थांबला की बौद्धवाड्यापर्यंत आला, हे ती सांगत नाही. गावात नळयोजना झाली हे कळते. नळाचे तोंड कोणत्या आळीत आहे ते कळत नाही. ही माहिती दिल्लीच्या किंवा मुंबईच्या तज्ज्ञाला कोठून असणार? ती आपल्याजवळ असते, आणि आपण ती लिहून दिल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आज कायदा काय म्हणतो?

नियोजन आयोग १९५० मध्ये स्थापन झाला होता. त्याच्या जागी १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला. पंचवार्षिक योजना संपल्या. पण सल्लागार समित्या संपलेल्या नाहीत. उलट २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्रत्येक प्रकल्पाच्या जागेपाशीच असा एक गट आणला आहे. जमीन घेण्यापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करावे लागते, जनसुनावणी घ्यावी लागते आणि तो अहवाल स्वतंत्र तज्ज्ञ गटाकडे पाठवावा लागतो. या गटात दोन अशासकीय समाजशास्त्रज्ञ, पंचायत, ग्रामसभा किंवा नगरपालिकेचे दोन प्रतिनिधी, पुनर्वसनाचे दोन जाणकार आणि प्रकल्पाच्या विषयातील एक तांत्रिक तज्ज्ञ असतो. सातांपैकी एकच तांत्रिक तज्ज्ञ, आणि दोन जागा गावाच्या! १९४४ च्या मानाने हा मोठा बदल आहे.

अर्थात पळवाटाही आहेत. ज्या पाटबंधारे प्रकल्पांना अन्य कायद्यान्वये पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन आवश्यक आहे, त्यांना सामाजिक मूल्यमापनाच्या तरतुदी लागू होत नाहीत. काही प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट देण्याचा अधिकार महाराष्ट्रानेही २०१८ च्या दुरुस्तीने स्वतःकडे घेतला आहे. शिवाय गावाच्या दोन जागांवर कोण बसतो, हे गावातील सत्ता ज्याच्या हाती तोच ठरवणार असेल, तर भूमिहीनाचे आणि वाड्यावस्तीचे म्हणणे तेथेही पोचणार नाही.

आपले कर्तव्य

समाजबांधवांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, आपल्या तालुक्यात एखादा प्रकल्प येत असेल तर त्याचा अहवाल मिळवून वाचावा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. अहवाल वाचताना पुढील गोष्टी तपासाव्यात: समितीला कोणता प्रश्न विचारला होता? समितीवर कोण होते आणि कोण नव्हते? तिने आपल्या वस्तीला भेट दिली का? कोणी भिन्नमत नोंदविले का? सल्ल्यातला कोणता भाग स्वीकारला आणि कोणता वगळला? लाभ कोणाला आणि झळ कोणाला? यांपैकी ज्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तो जनसुनावणीत लेखी विचारावा आणि पोच घ्यावी.

आपल्या मुलामुलींनी डॉक्टर, वकील, प्राध्यापक व्हावे असे आपण म्हणतो. त्यांनी पाटबंधारे अभियंता, संख्याशास्त्रज्ञ, नगररचनाकारही व्हावे. समितीच्या टेबलावर आपला माणूस असला पाहिजे, आणि टेबलावर बसल्यावर त्याला आपली वस्ती आठवली पाहिजे. ‘शिका’ या आदेशात हेही येते, असे आम्ही मानतो.

केंद्र सरकारने १४ एप्रिल हा जलदिन म्हणून पाळण्याचे २०१६ मध्ये जाहीर केले. जयंतीच्या मिरवणुकीबरोबर त्या आठवड्यात एक दिवस तरुणांनी आपल्या गावातील नळ, विहिरी, गटारे आणि रस्ते वस्तीवार मोजून त्याचा तक्ता तयार करावा आणि तो ग्रामसभेत मांडावा. दांडेकर समितीने जिल्ह्यांचा अनुशेष काढला. वस्तीचा अनुशेष काढण्याचे काम आपले आहे.

जयभीम!